मोंढ्यातल्या दुकानाचं नेटवर्क: कुठे अडतं आणि कुठून शिरतात

लातूर, परभणी, जालना, नांदेड, कुठल्याही मोंढ्यातलं मध्यम आकाराचं आडत दुकान घ्या. दोन-तीन संगणक, त्यांतल्या एकावर टॅलीचा सगळा डेटा, पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या पावत्या) छापायला प्रिंटर, आठ कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर, मालक-मुनीम-हमाल मिळून दहा-बारा मोबाइल. एवढ्या सामानाला कुणी नेटवर्क म्हणत नाही, पण ते नेटवर्कच असतं. वाळूजच्या मोठ्या कारखान्यात जे नियम चालतात तेच इथेही चालतात. फरक इतकाच, की तिथे ते सांभाळायला पगारी माणूस असतो आणि इथे केबलवाला फोन उचलेल तेव्हा काय ते.

‘नेट बंद आहे’ या एका तक्रारीमागे चार वेगळे बिघाड असू शकतात. तार किंवा सिग्नल तुटलेला असतो, संगणकाला पत्ता मिळालेला नसतो, बाहेर जायची वाट बंद असते, किंवा नावावरून पत्ता सापडत नसतो. याच क्रमाने, खालून वर तपासत गेलं की वेळ वाचतो. बहुतेक जण उलटं करतात: आधी ब्राउझर बदलतात, मग विंडोज नव्याने टाकतात आणि तार निघालेली आहे हे शेवटी कळतं. दुसरी गोष्ट सुरक्षेची. नेटवर्क ज्या जागी बिघडतं, साधारण त्याच जागेतून परका माणूस आत येतो, कारण प्रत्येक टप्प्यावर एक यंत्र दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवत असतं. म्हणून बिघाड आणि धोका इथे वेगळे काढलेले नाहीत.

तार

फायबर ज्या डब्यात शिरते त्याला कागदोपत्री ओएनटी म्हणतात. दुकानात त्यालाच राउटर म्हणतात. त्यावरचा एलओएस नावाचा दिवा लाल पेटला की बाहेरून प्रकाशच येत नाही. मग डबा दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. गळीत हंगामात उसाच्या उंच भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की खाली लोंबणाऱ्या केबल तुटतात, ते एक. दुसरं, दिवा लाल नाही पण नेट दिवसातून चार वेळा जातं. अशा वेळी डब्याच्या सेटिंगमध्ये ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद, हा आकडा पाहायचा. तो साधारण उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असावा. उणे २७ च्याही खाली घसरला की जोडणी कधी टिकते, कधी नाही. कारणं ठरलेली: फायबर खिळ्याला गुंडाळून फार वाकवलेली, जोडाच्या टोकावर धूळ, किंवा हिरव्या जोडाला निळा जोड लावलेला. हिरव्याचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही एकमेकांत बसतात, पण मध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो. तुटलेल्या टोकात डोळा लावून उजेड बघू नका. हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्यात जातो.

दुकानातल्या तांब्याच्या तारेचा विषय जास्त पैसे खातो. कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग देते. बाजारात मात्र ‘सीसीए’ नावाची स्वस्त केबल भरपूर मिळते: आत अ‍ॅल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. ब्लेडने तार खरवडली की आत पांढरी दिसते. संगणकाला ती काही काळ चालते. पण केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यांना लावली की मजेशीर तक्रार येते: कॅमेरा दिवसभर व्यवस्थित चालतो आणि अंधार पडला की सारखा बंद-चालू होतो. अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, त्याला जास्त वीज लागते, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या लांब तारेत व्होल्टेज इतकं पडतं की कॅमेरा तगत नाही. अशा दुकानांत कॅमेरे बदलले जातात, केबल तशीच राहते.

केबलच्या टोकाला रंगांचा क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा असतो. हिरवी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या जागी फुटलेली दिसते, ती चूक नव्हे. ‘जोड्या शेजारी शेजारी ठेवू’ म्हणून कुणी क्रम बदलला, तर साध्या टेस्टरवर आठही दिवे लागतात, पण एकत्र पिळलेल्या तारा वेगळ्या सिग्नलला जातात आणि लांब केबलवर वेग पार बसतो. आणखी एक खूण: संगणकात लिंकचा वेग १००० ऐवजी १०० दाखवत असेल, तर निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार जोडात बसलेली नाही असं समजा. १०० च्या वेगाला चारच तारा लागतात. गिगाबिटला आठही लागतात.

दुकान आणि समोरचं गोदाम यांच्यामध्ये उघड्यावरून तांब्याची केबल ओढू नये, हे मराठवाड्यात तरी ठासून सांगायला हवं. एप्रिल-मेमधल्या अवकाळी पावसात जवळ वीज पडली की त्या केबलमध्ये क्षणभर मोठं व्होल्टेज तयार होतं आणि दोन्ही टोकांचे पोर्ट, म्हणजे केबल खोचायच्या जागा, जळतात. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं, तेही उन्हाळ्यात कोरडं पडलेलं. तिथे फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (प्रकाशाचा सिग्नल तांब्याच्या तारेत आणणारा डबा) लावावा. काच वीज वाहून नेत नाही. पत्र्याखाली नेटवर्कचा स्विच (सगळ्या यंत्रांच्या केबल एकत्र जोडणारा डबा) ठेवतानाही त्यावरचं लेबल वाचा. घरगुती दर्जाच्या उपकरणांवर बहुधा ० ते ४० अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात परभणी-नांदेडला सावलीतलाच पारा ४२ च्या वर जातो.

एका बिघाडात मात्र सगळे दिवे लागलेले असतात, वेड्यासारखे लुकलुकत असतात, आणि काहीच चालत नाही. साफसफाई करताना कुणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचलेली असतात. ‘सर्वांसाठी’ पाठवलेला निरोप मग त्या वर्तुळात फिरतच राहतो. प्रत्येक तार एकेक करून काढायची. जी काढल्यावर दिवे शांत होतात ती दोषी.

पत्ता

तार ठीक असेल तर पुढचा प्रश्न पत्त्याचा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजीत टाइप केली की तीन गोष्टी दिसतात: आपला आयपी पत्ता, सबनेट मास्क आणि गेटवे. उदाहरणार्थ १९२.१६८.१.२३, २५५.२५५.२५५.० आणि १९२.१६८.१.१. इथे मास्कचा अर्थ असा, की पहिले तीन आकडे जुळणारी सगळी यंत्रं आपल्याच आळीतली. त्यांना थेट निरोप द्यायचा. बाकी सगळं गेटवेच्या, म्हणजे राउटरच्या हवाली करायचं. अशा आळीत २५४ पत्ते वापरता येतात.

हे पत्ते राउटर वाटतो. त्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. नवा संगणक जोडला की तो सगळ्यांना ओरडून विचारतो, ‘पत्ता देणारं कुणी आहे का?’ राउटर एक पत्ता देऊ करतो, संगणक तो मागतो, राउटर पक्का करतो. चार निरोपांत काम होतं, आणि पत्ता ठरावीक मुदतीसाठी मिळतो. यंत्राची ओळख पटते ती मॅक पत्त्यावरून. हा १२ अक्षरी आकडा नेटवर्क कार्डात कारखान्यातच लिहिलेला असतो. नवे मोबाइल मात्र प्रत्येक वाय-फायला बनावट मॅक दाखवतात, त्यामुळे ‘मॅक फिल्टर लावलाय (म्हणजे ठरावीक मॅकनाच आत घेतो), आता कुणी शिरणार नाही’ ही समजूत सोडून द्यावी. मॅक नक्कल करणं मिनिटाचं काम आहे.

आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर ओरडून विचारूनही कुणी उत्तर दिलं नाही आणि संगणकाने स्वतःच काहीतरी पत्ता घेतला, असं समजायचं. लाईट गेल्यावर हे हमखास होतं: संगणक आणि स्विच इन्व्हर्टरवर, राउटर मात्र भिंतीच्या साध्या प्लगवर. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी मिळणारा छोटा यूपीएस लावला की हा प्रश्न मिटतो. फक्त अ‍ॅडॅप्टरवर लिहिलेला अँपिअरचा आकडा यूपीएसला झेपतो का, ते पाहून घ्या.

आता खरी गडबड. गोदामात वाय-फाय पोचत नाही म्हणून घरचा जुना राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टमध्ये (आतली यंत्रं जोडायच्या जागेत) केबल खोचतात. आता पत्ते वाटणारे दोन झाले. संगणकाला ज्याचं उत्तर आधी मिळेल त्याचं तो ऐकतो. सकाळी निम्मी यंत्रं १९२.१६८.१ वर, निम्मी १९२.१६८.० वर, एका मुनिमाचा प्रिंटर चालतो, दुसऱ्याचा नाही, आणि उद्या त्याच्या उलट. उपाय सोपा आहे. जुन्या राउटरचा डीएचसीपी बंद करायचा, त्याला आपल्याच आळीतला मोकळा पत्ता द्यायचा, समजा १९२.१६८.१.२, आणि मगच केबल जोडायची. बऱ्याच राउटरमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असतो. तो निवडला की हे सगळं आपोआप होतं.

प्रिंटर आणि रेकॉर्डरला कायमचा पत्ता हवा. नाहीतर लाईट येऊन-जाऊन प्रिंटरचा पत्ता बदलतो आणि ऐन सौद्याच्या वेळी पट्ट्या छापायच्या थांबतात. राउटर १०० ते २०० एवढेच पत्ते वाटेल असं ठरवा आणि कायमचे पत्ते १०० च्या खाली द्या. कॅमेरेवाला रेकॉर्डरला सवयीने १००, १०८ असे आकडे देऊन जातो. तोच पत्ता राउटरने एखाद्या मोबाइलला दिला की दोघंही अधूनमधून गायब.

यातला धोका ओळखा: ‘पत्ता देणारं कुणी आहे का’ या प्रश्नाला कुणीही उत्तर देऊ शकतं. ओळखपत्र कुणी मागत नाही. चुकून लावलेला जुना राउटर जे करतो, तेच एखादं बाधित यंत्र मुद्दाम करू शकतं; पत्त्यासोबत खोटा गेटवे आणि खोटा डीएनएसही (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) देऊ शकतं. म्हणून काउंटरवर मोकळा दिसणारा लॅन पोर्ट आणि सगळ्यांना माहीत असलेला वाय-फायचा पासवर्ड या दोन्ही गोष्टी सारख्याच महाग पडतात.

बाहेरची वाट

आपला पत्ता बरोबर असेल तर गेटवेला ‘पिंग’ करा, म्हणजे कमांड प्रॉम्प्टवरून हाक मारून उत्तर येतं का ते पाहा. उत्तर आलं तर दुकानातलं नेटवर्क ठीक. मग ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग करा. तिथून उत्तर नाही, तर बिघाड सेवा देणाऱ्याकडे. आता त्याला फोन करायला हरकत नाही, आणि ‘गेटवेपर्यंत जातंय, पुढे नाही’ असं सांगितलं की समोरचा माणूसही नीट ऐकतो.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी असतात. तसेच १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ मधले. ते इंटरनेटवर चालत नाहीत. लाखो दुकानांत १९२.१६८.१.२३ आहे. मूळ पद्धतीत एकूण पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सुमारे ४२९ कोटीच, आणि ते कधीच पुरेनासे झाले. म्हणून राउटर सगळ्यांचे निरोप स्वतःच्या एका सार्वजनिक पत्त्यावरून पाठवतो, कुणी काय मागितलं होतं त्याची नोंद ठेवतो आणि उत्तर आलं की योग्य यंत्राला देतो. यालाच नॅट म्हणतात. याचा एक आयता फायदा: आतून कुणी मागितलेलं नसताना बाहेरून काही आलं, तर ते कुणाला द्यायचं हे राउटरला कळत नाही आणि तो ते टाकून देतो.

तालुक्याच्या गावातल्या जोडणीत आणखी एक पायरी असते. राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान दिसला, तर सेवा देणारा स्वतःच अनेक गिऱ्हाइकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतो आहे. मग आपल्या राउटरमध्ये कितीही पोर्ट (इथे अर्थ बाहेरून आत यायचे दरवाजे) उघडा, बाहेरून कॅमेरे दिसणार नाहीत. तंत्रज्ञ दोन तास खटपट करून ‘राउटर खराब आहे’ म्हणतो, तो याच कारणाने. मग महिन्याला जास्तीचे पैसे देऊन ‘स्टॅटिक आयपी’, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक पत्ता, घेतला जातो. कॅमेरे दिसू लागतात. आणि दुकान पहिल्यांदा जगासमोर उघडं पडतं.

दरवाजे

एका आयपी पत्त्यावर अनेक सेवा चालू शकतात, म्हणून प्रत्येक सेवेला पोर्ट क्रमांक असतो: वेबसाइटला ८० आणि ४४३, विंडोजच्या फोल्डर शेअरिंगला ४४५, दूरून संगणक चालवायच्या रिमोट डेस्कटॉपला ३३८९, कॅमेऱ्याच्या चित्राला ५५४. छत्रपती संभाजीनगर बावन्न दरवाजांचं शहर म्हणून ओळखलं जातं. संगणकाला असे ६५,५३५ दरवाजे. बहुतेक बंदच असतात, कारण त्यांच्यामागे ऐकणारं कुणी नसतं. उघडे किती आणि ते कुणी उघडले, एवढाच प्रश्न.

‘आपल्या छोट्या दुकानाकडे कोण बघतंय’ हा युक्तिवाद इथे कोसळतो. बघणारा माणूस नसतोच, यंत्र असतं. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली झेडमॅप नावाचं साधन तयार केलं. एका साध्या संगणकावरून, गिगाबिट जोडणीवर, जगातल्या सगळ्या सार्वजनिक पत्त्यांवरचा एखादा पोर्ट उघडा आहे का हे ते ४५ मिनिटांच्या आत पाहू शकत होतं. अंबाजोगाईचं दुकान आणि मुंबईची बँक त्या यादीत सारखीच येतात. म्हणून ३३८९ ऐवजी ३३९० केलं की लपलो, असं होत नाही.

कॅमेऱ्यांचा अनुभव जगाने घेतलेला आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरने कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर यांवर कारखान्यातून आलेले ठरावीक पासवर्ड एकेक करून वापरून पाहिले, आणि ज्यांनी ते बदलले नव्हते ती यंत्रं ताब्यात घेतली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला या यंत्रांकडून डीन या डीएनएस कंपनीवर मारा झाला आणि अमेरिकेत कितीतरी मोठ्या वेबसाइट काही तास उघडेनात. ज्यांचे कॅमेरे यात वापरले गेले त्यांना पत्ताही नव्हता. त्यांना कॅमेऱ्यात दुकान नीट दिसत होतं.

दुकानाला जास्त जवळचा धोका ३३८९ चा आहे. सीए किंवा हिशेबनीस दुसऱ्या शहरात बसतो, त्याला टॅली दूरून पाहायची असते, म्हणून हा दरवाजा थेट उघडला जातो. मग बाहेरची यंत्रं रात्रंदिवस पासवर्ड लावून बघतात. ‘अ‍ॅडमिन’ नाव आणि दुकानाच्या नावापुढे १२३ असा पासवर्ड असेल तर फार वेळ लागत नाही. आत आलेला माणूस आधी बॅकअप शोधून पुसतो आणि मग डेटा कुलूपबंद करून खंडणी मागतो.

करायचं ते असं. राउटरमधलं ‘पोर्ट फॉरवर्डिंग’चं पान (बाहेरून आलेलं आतल्या कुठल्या यंत्राला द्यायचं त्याची यादी) उघडा आणि तिथली प्रत्येक ओळ कुणासाठी आहे ते विचारा, उत्तर मिळालं नाही तर ओळ काढा. ‘यूपीएनपी’ बंद करा, कारण ते चालू असलं की आतली यंत्रं न विचारता स्वतःच दरवाजे उघडतात. ‘रिमोट मॅनेजमेंट’, म्हणजे राउटरची सेटिंग बाहेरून उघडू देणारी सोय, बंद करा. हिशेबनिसाला आत यायचंच असेल तर व्हीपीएनने, म्हणजे कुलूपबंद खासगी वाटेने, यावं. वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन आता अनेक मध्यम किमतीच्या राउटरमध्ये असतं. तेव्हा बाहेर एकच दरवाजा राहतो, आणि वायरगार्डचा तर किल्ली नसलेल्याला उत्तरसुद्धा देत नाही. कॅमेरे मोबाइलवर पाहायला कंपनीचं अ‍ॅप वापरलं तर पोर्ट उघडावा लागत नाही. त्यात चित्र कंपनीच्या सर्व्हरच्या भरवशावर जातं हे खरं, तरी उघड्या पोर्टपेक्षा ते बरं.

आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, हिच्याबद्दल एवढंच: त्यात पत्ते १२८ बिटांचे आहेत आणि प्रत्येक यंत्राला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. नॅटचा आयता आडोसा तिथे नसतो. राउटरमधलं आयपीव्ही६ चं फायरवॉल (न मागितलेलं बाहेरच अडवणारी सोय) चालू आहे का, हे एकदा पाहून ठेवा.

नाव

८.८.८.८ चं उत्तर येतं, पण एकही साइट उघडत नाही. असं झालं तर बिघाड डीएनएसचा. आपण नाव टाइप करतो, यंत्राला आयपी हवा असतो. नावावरून पत्ता सांगणारी ही सेवा १९८३ पासून चालत आली आहे. राउटरमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१, ८.८.८.८ किंवा ९.९.९.९ टाकला की बहुतेक वेळा सुटतं. यातला ९.९.९.९ हा माहीत असलेल्या फसव्या साइटांचे पत्ते देत नाही, म्हणून दुकानासाठी तो चांगला.

राउटरचा ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ पासवर्ड बदलायचा तो यासाठीच. त्या पानावर शिरलेला माणूस फक्त डीएनएसचा आकडा बदलून निघून जातो. सगळं चालू राहतं, पण कुठलं नाव कुठे न्यायचं हे आता तो ठरवतो. २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने पकडलेल्या डीएनएसचेंजर टोळीचा धंदा हाच होता. सहा महिन्यांतून एकदा तो आकडा डोळ्यांखालून घाला.

आणि नाव उजवीकडून वाचायची सवय लावा. सातबाऱ्याची सरकारी साइट ‘महाभूमी डॉट गव्ह डॉट इन’ने संपते. शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ असणं महत्त्वाचं. हीच अक्षरं मधे कुठेतरी असतील आणि शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट टॉप’ असेल तर ती सरकारी साइट नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं होतं, त्यामुळे बँकेचं नावही आता शेवटाकडून तपासता येतं. ब्राउझरमधल्या कुलपाच्या खुणेवर जाऊ नका. ती सांगते की मधला कुणी वाचू शकत नाही. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे की नाही, हे ती सांगत नाही. चोरालाही ती खूण फुकट मिळते.

वाय-फाय

इथे फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटणाने किंवा छोट्या आकड्याने जोडायची सोय) बंद करा. डब्ल्यूपीएसचा आकडा आठ अंकी दिसतो, पण तपासला जातो दोन तुकड्यांत, त्यामुळे ११,००० प्रयत्नांत सापडतो. हे २०११ मध्येच उघड झालं. पासवर्ड म्हणून दुकानाचा मोबाइल नंबर देऊ नका, तो बाहेरच्या पाटीवर रंगवलेला असतो. आलेल्या शेतकऱ्यांना नेट द्यायचं असेल तर ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करून द्या. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच ठेवा. मोंढ्यात शेजारी शेजारी दुकानं असतात, मधला चॅनल घेतला की दोन्हीकडचा गोंगाट झेलावा लागतो. पत्र्याची भिंत सिग्नल जाऊ देत नाही, तिथे ताकदवान राउटर शोधण्यापेक्षा केबल न्या.

आतली भिंत

दुकानाच्या नेटवर्कची खरी कच्ची बाजू ही, की आत आलेला प्रत्येक जण घरचा समजला जातो. हमालाच्या मोबाइलवर ‘लग्नपत्रिका’ म्हणून आलेली एपीके फाइल (मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) उघडली गेली, तर तो मोबाइल आणि टॅलीचा संगणक एकाच आळीत बसलेले असतात. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हे खंडणी मागणारं सॉफ्टवेअर जगभर पसरलं ते असंच: एका संगणकातून दुसऱ्यात, ४४५ पोर्टमधून, कुणी काही क्लिक न करता. ती खिंड बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी अपडेट बंद ठेवले होते ते सापडले. विंडोज ७ च्या दुरुस्त्या जानेवारी २०२० मध्ये थांबल्या, विंडोज १० च्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला. ‘हळू चालतो म्हणून अपडेट बंद केलंय’ असा संगणक हिशेबाला वापरू नये.

मोठ्या ठिकाणी व्हीलॅन करून, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळ्या आळ्या करून, विभाग पाडतात. ते जमणारा स्विच नसेल तर दोन साध्या राउटरांत काम भागतं. पहिल्या राउटरवर कॅमेरे, रेकॉर्डर आणि सगळे मोबाइल. त्याच्या लॅन पोर्टमधून एक केबल दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं नेट घ्यायच्या जागेत), आणि हिशेबाचे संगणक व प्रिंटर फक्त दुसऱ्यावर. क्रम उलटा करू नका. आतल्या राउटरमागून बाहेरच्याकडे जाता येतं, म्हणजे मुनिमाला कॅमेरे दिसतील. बाहेरच्या भागातून आत मात्र कुणी सुरुवात करू शकत नाही. दोन्हींच्या आळ्या वेगळ्या हव्यात: पहिला १९२.१६८.१ असेल तर दुसरा १९२.१६८.५० ठेवा. दोन्हीकडे १ राहिला तर ‘सगळं जोडलंय पण काहीच उघडत नाही’ ही नवी तक्रार तयार.

टॅलीचं फोल्डर शेअर करताना ‘एव्हरीवन’ला पूर्ण हक्क देणं ही सर्रास पद्धत आहे. ज्या दोन लोकांना लागतं त्यांच्या नावाने वेगळी खाती काढा आणि त्यांनाच हक्क द्या. रोजचं काम अ‍ॅडमिनच्या खात्यातून करू नका.

बॅकअप

संगणकाला कायम लावून ठेवलेली हार्ड डिस्क हा बॅकअप नव्हे. खंडणीचं सॉफ्टवेअर तिलाही कुलूप लावतं. दोन डिस्क घ्या. एक सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी, दुसरी उरलेल्या दिवशी. काम झालं की काढायची आणि एक नेहमी घरी. महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर डेटा उतरवून ताळेबंद उघडतो का ते पाहायचं, कारण बॅकअपची फाइल शून्य केबीची निघाल्याचं बहुधा गरज पडल्यावरच कळतं.

घात झालाच तर आधी नेटवर्कची केबल उपटा आणि वाय-फाय बंद करा. घाईने फॉरमॅट मारू नका. कुठून शिरले हे त्यातच कळतं, नाहीतर त्याच दरवाजातून परत येतात. स्क्रीनचा फोटो काढा, इतर संगणकांच्या केबलही काढा, बॅकअपची डिस्क चुकूनही लावू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरायच्या आत गोठवता आली तरच परत मिळायची शक्यता असते. फोन लावताना व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपल्या खात्याची माहिती समोर ठेवा. ओटीपी किंवा पिन तिथे कुणी मागत नाही. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार पूर्ण करा आणि मिळालेला पावती क्रमांक लिहून ठेवा. बँकेत आणि पोलीस ठाण्यात आधी तोच विचारतात.